संकरित कुत्रीचे दत्तकविधान : दोन बाजू

चिंगी ही सुमारे आठ महिन्यांची संकरित कुत्री आहे. वजन चौदा किलो, अंगावर आखूड तांबूस केस, छातीवर आणि पंजांच्या टोकांना पांढरा रंग, शेपूट पाठीवर वळलेले. हा बांधा गावठी कुत्र्याचा. डोके मात्र रुंद आणि कान अर्धे पडलेले, म्हणून पाहणारे तिला ‘लॅब मिक्स’ म्हणतात. तीन महिन्यांची असताना ती पुण्यात कोथरूडच्या एका बांधकामाजवळ सापडली. तेव्हा मागचा डावा पाय मोडलेला होता, अंगावर खरूज होती आणि कानांत गोचिडी भरल्या होत्या. आता पाय जुळला आहे, केस पुन्हा आले आहेत, गोचीडतापावरचा औषधोपचार पूर्ण झाला आहे. रेबीजची आणि पार्व्हो-डिस्टेंपर गटाची लस देऊन झाली आहे. सातव्या महिन्यात नसबंदीही झाली. सध्या ती फॉस्टर घरी, म्हणजे तात्पुरत्या सांभाळाच्या घरी राहते आणि तिला कायमचे घर हवे आहे.

अशा कुत्रीला घरी आणावे का, आणि आणायचे तर कोणी, यावर शहरी मराठी घरांत दोन ठाम मते असतात. इथे ती काका आणि पुतणीच्या बोलण्यातून मांडली आहेत. पुतणी चिंगीला सांभाळते. काका बँकेतून निवृत्त झालेले, अनेक वर्षे सोसायटीचे सेक्रेटरी होते. कुत्र्यांचा त्यांना राग नाही, पण आणायचेच तर माहीत असलेल्या जातीचे पिल्लू आणावे, रस्त्यावरचे नको, असे त्यांचे मत आहे.

पहिला मुद्दा अर्थातच जातीचा निघतो. काका म्हणतात, "लॅब्राडोर आणला तर तो कसा निघेल याचा अंदाज असतो. हिच्या आई-बापाचा पत्ता नाही. मोठी झाल्यावर काय रूप दाखवेल, कोणी सांगावं?"

"काका, दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणताना तुम्हाला फक्त त्याची जात माहीत असते, त्याचा स्वभाव नाही. चिंगीची जात सांगता येत नाही, पण स्वभाव सांगता येतो. तो पाच महिने डोळ्यांसमोर आहे."

या उत्तराला आधार आहे. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीने समजावता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. रंग, उंची, केस, कान यांवर जातीचा ठसा ठळक असतो. माणसाळलेपणा किंवा चिडखोरपणा यांवर तो फार पुसट असतो. नुसते पाहून केलेले ‘लॅब मिक्स’सारखे अंदाज डीएनए चाचणीत अनेकदा चुकतात, आणि अंदाज बरोबर निघाला तरी त्यावरून कुत्र्याचा स्वभाव कळत नाही.

तरी काकांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नाही. पूर्ण वाढ झाल्यावर कुत्रा केवढा होईल, केस किती गळतील, त्याला किती पळवावे लागेल हे जातीवरून बरेचसे कळते. सोलापूर-सांगलीकडचा कारवानी कुत्रा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंडला तर तो कासावीस होतो, कारण धावण्यासाठीच त्याची निपज झाली आहे. पण आठ महिन्यांच्या कुत्रीत हे अंदाज बांधावे लागत नाहीत. चिंगीची उंची जवळपास पूर्ण झाली आहे, फार तर दोन-तीन किलो वजन वाढेल.

तब्येतीच्या बाबतीत पुतणीची बाजू वरचढ आहे, पण ती बाजू मांडणारे बरेचदा अतिशयोक्ती करतात. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो, पगला श्वासाचा त्रास असतो, सेंट बर्नार्डला आपला उन्हाळा सोसत नाही. गावठी कुत्रा या हवेतच घडलेला आहे. म्हणून तो आजारी पडत नाही असे मात्र नाही. पार्व्हो आणि गोचीडताप जात पाहून येत नाहीत, आणि चिंगीचा बाप खरोखरच लॅब असेल तर त्याच्या सांध्यांचा दोष तिच्यातही उतरू शकतो. "गावठी आहे, तिला काही होत नाही" असे सांगून कुत्रा देणे ही फसवणूक आहे.

दुसरा मुद्दा वयाचा. काकांचा खरा जोर इथे आहे. ते म्हणतात, "अगं, पिल्लू लहानपणी घरात आलं की घरचं होतं. हिचं लहानपण तर रेती-खडीत गेलं. ते कुठून भरून काढणार?"

अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बर येथे अनेक वर्षे कुत्र्यांची पिल्ले वाढवून त्यांचा अभ्यास केला. 1965 साली तो ग्रंथरूपाने आला. पिल्लू तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते, आणि त्या काळात जे भेटलेच नाही त्याची पुढे भीती वाटू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. चिंगी सापडली तेव्हा हा काळ संपत आला होता.

पुतणी हे नाकारत नाही. "भरून निघत नाही, काका, पण त्या काळात तिनं काय पाहिलं हे तिच्या वागण्यातून वाचता येतं. शेजारून डंपर गेला तरी ती मान वळवत नाही. मिक्सर सुरू केला की पलंगाखाली जाते. बाया-माणसांत ती वाढली, म्हणून परक्या माणसाला घाबरत नाही. आई आणि भावंडांबरोबर तीन महिने काढले, म्हणून खेळताना दात लावते पण दाबत नाही. दीड महिन्यात आईपासून तोडलेल्या पिल्लाला हे नंतर शिकवताना मालकाच्या नाकी नऊ येतात."

"आणि झाडू?" काका विचारतात. त्यांनी तो प्रकार पाहिला आहे.

कोणी लांब दांड्याचा झाडू किंवा काठी उचलली की चिंगी जमिनीला चिकटते. पोट फरशीला टेकलेले, कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळे दुसरीकडे वळवलेले. कधी जागीच लघवी होते. पळून जात नाही, गुरगुरतही नाही. झाडू खाली ठेवून माणूस दूर जाऊन बसला की काही वेळाने उठते आणि त्याच्याजवळ न जाता आधी पाण्याच्या भांड्याशी जाते. पाच महिन्यांत हे कमी झाले आहे, संपलेले नाही. आडवा ठेवलेला झाडू आता ती ओलांडून जाते. उभा झाडू अजून सहन होत नाही.

"दत्तकाच्या जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही," काका म्हणतात. "तिथं सगळी कुत्री प्रेमळ आणि खेळकर."

हा आक्षेप योग्य आहे आणि कुत्री सांभाळणाऱ्या सर्वांनी तो मनावर घ्यायला हवा. दडवलेली भीती नव्या घरी पहिल्या आठवड्यातच उघडी पडते. घरच्यांना वाटते कुत्री बिघडलेली दिली. मग ती परत येते, आणि परत आलेल्या कुत्रीला दुसऱ्यांदा घर मिळवून देणे जास्त अवघड असते. चिंगीच्या माहितीत झाडूची गोष्ट फोटोच्या खालीच लिहिली पाहिजे, आणि सोबत उपायही : काठीचा धाक नाही, तिच्यासमोर झाडलोट नाही, झाडू जमिनीवर असताना जवळ खाऊ.

वयाचा आणखी एक पैलू आहे. सहाव्या महिन्यापासून पुढे वर्ष-दीड वर्षापर्यंत कुत्रा वांड वयात असतो. 2020 साली ब्रिटनमधील संशोधकांनी अंधांच्या मार्गदर्शनासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचव्या महिन्यात ‘बस’ म्हटल्यावर बसणारी तीच कुत्री आठव्या महिन्यात आपल्या सांभाळणाऱ्याचे ऐकेनाशी झाली होती, अनोळखी माणसाचे मात्र ऐकत होती. पुढे वर्षाच्या आसपास हे वागणे निवळले. उत्तम वंशावळीच्या, जन्मापासून हातात वाढलेल्या लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्येही हे घडते. म्हणजे चिंगी हाक मारूनही येत नसेल, चप्पल कुरतडत असेल, तर त्याचे खापर रस्त्यावर फोडण्याचे कारण नाही. काकांच्या आवडीचे पिल्लूही सहा महिन्यांनी याच टप्प्यावर पोहोचते, आणि कित्येक पाळीव कुत्री याच वयात "आता आवरत नाही" म्हणून सोडून दिली जातात.

सोडून देण्याचा विषय निघाल्यावर काका वेगळाच प्रश्न टाकतात. "कायदाच सांगतो ना, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथं सोडा. मग घर शोधायचा अट्टहास कशाला?"

प्राणी जनन नियंत्रण नियम 2001 साली आले, 2023 साली ते नव्याने लागू झाले. मोकाट कुत्र्यांची संख्या मारून नव्हे, नसबंदीने कमी करायची आणि कुत्रा त्याच्याच भागात परत सोडायचा, हे त्यांचे सूत्र आहे. मोठ्या, रस्त्यावर स्थिरावलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ते शहाणपणाचे आहे. त्याला तिथली माणसे, दुकाने आणि इतर कुत्री माहीत असतात. चिंगीचे तसे नाही. तिच्या वाट्याचा रस्ता तीन महिन्यांचा, तोही आईच्या आडोशाने. त्यानंतरचे सगळे आयुष्य घरात गेले. तिला आज त्याच कोपऱ्यावर सोडले तर तिथली टोळी तिला परकी मानणार, आणि वाहनांची भीती न उरलेली कुत्री वाहनांमध्येच जाणार.

कायद्यानेही दत्तकाचा मार्ग मान्य केला आहे. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्र्यांविषयीचा आपलाच 11 ऑगस्टचा आदेश सौम्य केला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री परत सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सांगताना त्याच आदेशात दत्तकाचीही तरतूद केली. इच्छुकाने महापालिकेकडे अर्ज करायचा, त्या कुत्र्यावर ओळखीची खूण केली जाणार, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची.

"जबाबदारी कागदावर," काका म्हणतात. "1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात जनावर वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये."

"म्हणूनच माणूस नीट पारखून घ्यावा लागतो."

आकड्यांचा मुद्दा काकांनी काढणे स्वाभाविक आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे एक कोटी त्रेपन्न लाख मोकाट कुत्री नोंदली गेली. त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती. एक चिंगी घरात गेल्याने या संख्येला काहीही होत नाही. पुतणी ते सरळ मान्य करते. संख्या नसबंदीने कमी होते आणि माणसांचे जीव रेबीजच्या लसीकरणाने वाचतात. दत्तकाला त्या कामाचा पर्याय म्हणून कधीच पुढे करू नये. दत्तक ही एका कुत्रीची सोय आहे, आणि तेवढ्यासाठीच ती करावी.

सोसायटीचा प्रश्न काका अनुभवाने मांडतात : जिन्यातली घाण, रात्रीचे भुंकणे, लिफ्टमध्ये घाबरणारी मुले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि भुंकणे हे कुत्रा काढायला लावण्याचे कारण होऊ शकत नाही. मात्र त्या सूचना मालकालाही मोकळे सोडत नाहीत. पट्टा, स्वच्छता, लसीकरण ही त्याची कामे आहेत, आणि पुणे-मुंबईसारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी आधी हातात असावी. भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळी कुत्रीला जागा उरत नाही, असे होता कामा नये.

यानंतर काका जे बोलतात त्यात आक्षेपापेक्षा काळजी अधिक आहे. "हे बघ, ही बारा-चौदा वर्षं जगेल. मी अडुसष्टचा. माझ्यासारख्यानं घ्यायची की नाही? आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, तिला काय दूध-पोळीवर ठेवायची?"

दत्तकाच्या फॉर्ममध्ये जे प्रश्न विचारले जातात त्यांहून हे दोन्ही प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. दूध-पोळीवर वाढत्या कुत्रीचे भागत नाही. तिला पुरेशी प्रथिने लागतात. घरात मांस-अंडे चालत नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने समतोल तयार खाद्य देता येते, पण तो खर्च दर महिन्याचा आहे आणि तो आधी मान्य असावा. उरलेली आमटी-भाजी घालण्याची सवय धोक्याची आहे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना अपाय करतात. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेटही वर्ज्य. वयाच्या प्रश्नाला पुतणीचे उत्तर स्पष्ट आहे : "एकट्यानं नाही, काका. घरातल्या तरुण माणसानं ‘पुढं मी बघीन’ असं लिहून दिलं तर जरूर. नाहीतर तुमच्यासाठी सात-आठ वर्षांचा शांत कुत्रा बघू. तशांनाही घर हवंच असतं."

दत्तक देण्याची पद्धत साधारण सगळीकडे सारखी आहे. आधी फोनवर बोलणे, मग कुत्रीला भेटायला येणे, एकदा नव्हे तर दोनदा, आणि दुसऱ्यांदा घरातल्या सर्वांनी. नंतर सांभाळणारे त्यांचे घर पाहून येतात. बाल्कनीला जाळी आहे का, दिवसा घरात कोण असते, गावाला जाताना काय करणार, घरातली एखादी व्यक्ती नाखूश आहे का, हे पाहतात. शेवटी ओळखपत्राच्या प्रतीसह करारपत्र. चिंगीच्या करारात एक अट ठळक आहे : काही कारणाने ठेवणे शक्य नसेल तर ती इतर कोणाला न देता, रस्त्यावर न सोडता, जिथून घेतली तिथेच परत करायची.

विशेष म्हणजे या टप्प्यावर दोघांच्या भूमिका उलटतात. दत्तकाला विरोध करणारे काका अधिक कडक होतात. त्यांना वाटते, महिनाभर चाचणी ठेवल्याशिवाय कागद करूच नये. पुतणीला भीती वाटते की लोकांना फार उभे-आडवे विचारले तर ते कंटाळून सरळ पिल्लू विकत घेतील. 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, पण विकत घेणाऱ्याला बाल्कनीच्या जाळीबद्दल कोणी विचारत नाही. दोघांत काकांची सूचना स्वीकारण्यासारखी आहे. चाचणीच्या महिन्यात घरचे लोक आणि कुत्री दोघांनाही एकमेकांना पाहता येते, आणि जुळले नाही तर ते वेळेवर कळते.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब कुत्री सांभाळणारे देतात. पहिले तीन दिवस ती कोपऱ्यात बसेल, कदाचित खाणार नाही. तेव्हा नातेवाइकांना बोलावून तिला दाखवायची नाही. तीन आठवड्यांत घराची वेळापत्रके कळतात आणि खरे वागणे, खोड्यांसह, दिसू लागते. घर आपले वाटायला तीन महिने लागतात. या काळात दारातून निसटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, म्हणून गळ्यात फोन नंबर असलेला बिल्ला आणि फिरायला नेताना अंगावर हार्नेस हवाच. पायामुळे वर्षभर तरी उंच सोफ्यावरून उड्या आणि गुळगुळीत फरशीवर धावणे टाळावे. जाडसर सतरंजी अंथरली तरी पुरते. रेबीजची लस दरवर्षी, जंतांचे औषध वेळेवर, पावसाळ्यात आणि नंतरही गोचिडींवर लक्ष.

बोलणे संपताना काका चिंगी स्वतः घेत नाहीत, पुतणीही त्यांना आग्रह करत नाही. तिच्यासाठी कोणते घर योग्य, यावर मात्र दोघांचे एकमत होते. पाच वर्षांखालचे मूल नसलेले, पहिले तीन महिने दिवसभर कोणी ना कोणी घरात असलेले, आवाज चढवून शिस्त न लावणारे आणि सर्वांचा होकार असलेले घर. आधीचा एखादा शांत कुत्रा असेल तर उत्तमच. ज्यांचे घर असे आहे त्यांनी चिंगीला, किंवा आपल्या गावातल्या निवाऱ्यात याच वयाची जी कुत्री असेल तिला, भेटायला जावे. जाताना घरातल्या सर्वांना बरोबर न्यावे आणि तिला कशाची भीती वाटते हे पहिल्याच भेटीत विचारावे.